लॉगिनच्या पडद्यावरच अडकलात? लिनक्स मिंटची दुरुस्ती, पायरीपायरीने

पासवर्ड बरोबर आहे. एंटर दाबलं की पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा तोच लॉगिनचा पडदा समोर येतो. पासवर्ड चुकला असंही संगणक म्हणत नाही आणि काय बिघडलंय तेही सांगत नाही. नवख्या माणसाने अशा वेळी ओळखीच्या कुणाला फोन केला की सल्ला ठरलेला असतो: "फॉरमॅट मारून टाक."

तो सल्ला ऐकू नका. या बिघाडात तुमचे फोटो, मुलांचे प्रोजेक्ट, पगाराच्या पावत्या बहुतेक वेळा डिस्कवर जागच्या जागी असतात. अडलेली असते ती एखादी लहानशी फाइल, भरलेली डिस्क किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर. अशा कारणासाठी घरातल्या दहा वर्षांच्या आठवणी पुसल्या गेल्या की फार वाईट वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

उदाहरण म्हणून लिनक्स मिंटची सिनॅमन आवृत्ती घेतली आहे, कारण घरच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकताना बरेच जण तिथूनच सुरुवात करतात. उबुंटूवर बहुतेक पायऱ्या त्याच आहेत. फक्त लॉगिनचा पडदा दाखवणारा प्रोग्रॅम मिंटवर लाइटडीएम असतो आणि उबुंटूवर जीडीएम.

आधी नीट बघा: नेमकं कुठे अडलंय?

पासवर्ड टाकल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत तीन टप्पे असतात. लाइटडीएम पासवर्ड तपासतो. मग तो तुमच्या नावाने सेशन सुरू करतो, म्हणजे तुमच्या होम फोल्डरमधल्या (तुमच्या सगळ्या फाइल्स ठेवलेला, तुमच्या नावाचा फोल्डर) काही फाइल्स वाचतो आणि काही लिहितो. शेवटी सिनॅमन हा डेस्कटॉप उभा राहतो.

पासवर्ड चुकीचा असल्याचा संदेश येत असेल तर अडचण पहिल्या टप्प्यात आहे. संदेश न येता पडदा काळा होऊन परत लॉगिनवर येत असेल तर दुसऱ्या. लॉगिन झालं, पण सिनॅमन क्रॅश झाल्याची सूचना आली आणि खालची पट्टी गायब असेल तर तिसऱ्या. आणि लॉगिनचा पडदाच दिसत नसेल तर संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर किंवा अर्धवट राहिलेल्या अपडेटवर घ्यायचा. हे ओळखलं की निम्मं काम झालं. न ओळखता इंटरनेटवरच्या दहा कमांड एकामागून एक मारल्या तर मूळ बिघाड राहतो बाजूला आणि नवे दोन तयार होतात.

पासवर्ड चुकीचा म्हणत असेल तर

कॅप्स लॉक बघा. आकडे उजवीकडच्या पॅडवरून टाकत असाल तर नम लॉक बघा. आणि मराठी टायपिंग करणाऱ्यांनी तिसरी गोष्ट आवर्जून बघायची: कीबोर्डचा लेआउट. मिंटमध्ये मराठी इनस्क्रिप्ट लेआउट जोडला असेल आणि लॉगिनच्या वेळी तोच चालू असेल, तर तुम्ही दाबता इंग्रजी अक्षर आणि आत जातं देवनागरी. पासवर्डच्या चौकटीत नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे कळायला मार्ग नसतो. लॉगिनच्या पडद्यावर वरच्या पट्टीत लेआउटची खूण असते, तिथे क्लिक करून इंग्रजी निवडा. एवढ्यानेच काम झालं तर पुढचं वाचायची गरज नाही.

पासवर्ड खरोखरच विसरला असेल तर त्याचा उपाय पुढे रिकव्हरीच्या भागात आहे.

मागच्या दाराने आत जा

लॉगिनचा पडदा अडला तरी मजकुराचा पडदा बहुधा चालू असतो. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबा. काही लॅपटॉपवर सोबत एफएन बटणही दाबावं लागतं. काळ्या पडद्यावर संगणकाचं नाव आणि त्यापुढे "लॉगिन:" असं दिसेल. तिथे युजरनेम टाका, म्हणजे इन्स्टॉल करताना ठरवलेलं छोट्या अक्षरांतलं नाव; लॉगिनच्या पडद्यावर दिसतं ते पूर्ण नाव नव्हे. मग पासवर्ड. पासवर्ड टाकताना ठिपके, चांदण्या, काहीच उमटत नाही. कीबोर्ड बंद पडलाय असं वाटतं, पण ते तसंच असतं. शांतपणे टाइप करून एंटर दाबा.

इथे आत गेलात याचा अर्थ पासवर्ड बरोबर आहे आणि होम फोल्डरही जागेवर आहे. परत चित्राच्या पडद्यावर जायला मिंटमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि एफ७.

आता कमांड कशा वाचायच्या ते सांगतो. इथे त्या देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी छोटी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरायचे. सुडो (पुढची कमांड सिस्टिमच्या पूर्ण अधिकाराने चालवणारा शब्द) म्हणजे एस-यू-डी-ओ, डीएफ म्हणजे डी आणि एफ, याप्रमाणे. शब्दांमधली स्पेस महत्त्वाची आहे. मोठं अक्षर हवं असेल तिथे तसं सांगितलं आहे. युजरनेम म्हणून "मीना" धरलं आहे, तिथे तुमचं टाका.

संगणक मराठी भाषेत ठेवला असेल तर या पडद्यावर अक्षरांऐवजी चौकोन दिसतील, कारण या साध्या पडद्याला देवनागरी दाखवता येत नाही. तुमच्या मराठी नावांच्या फाइल्सही तशाच दिसतील. त्या खराब झालेल्या नाहीत, घाबरू नका. संदेश इंग्रजीत यावेत म्हणून ही ओळ द्या. यात एलसी_ऑल आणि सी मोठ्या अक्षरांत, मध्ये अंडरस्कोर, आणि बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला स्पेस नाही:

«एक्स्पोर्ट एलसी_ऑल=सी»

पहिला संशय: डिस्क भरली आहे का?

«डीएफ -एच»

एक तक्ता येतो. शेवटच्या रकान्यात नुसती तिरकी रेघ असलेली ओळ शोधा आणि तिचा टक्क्यांचा आकडा बघा. तो १०० असेल तर चोर सापडला.

डिस्क भरली आणि लॉगिन अडलं, याचा संबंध असा: सेशन सुरू होताना होम फोल्डरमध्ये काही छोट्या फाइल्स लिहाव्याच लागतात. जागा नाही म्हणून त्या लिहिता येत नाहीत, सेशन तिथेच संपतं आणि लाइटडीएम तुम्हाला परत पहिल्या पडद्यावर आणून सोडतो. मजकुराच्या पडद्यावर मात्र आत जाता येतं, कारण तिथे नवी फाइल लिहिण्याची सक्ती नसते. शिवाय मिंट ज्या पद्धतीने डिस्क आखतं, त्या एक्स्ट४ मध्ये सुमारे ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सिस्टिमच्या सर्वाधिकारी युजरसाठी, राखून ठेवलेली असते. त्यामुळे सुडो लावून केलेली साफसफाई भरलेल्या डिस्कवरही चालते.

मिंटवर डिस्क भरण्याचं एक खास कारण आहे: टाइमशिफ्ट. हा प्रोग्रॅम सिस्टिमच्या प्रती काढून ठेवतो, आणि वेगळी डिस्क दिली नसेल तर त्याच डिस्कवर. १२८ किंवा २५६ जीबीच्या एसएसडीवर रोजच्या पाच, आठवड्याच्या तीन अशा प्रती ठेवल्या की जागा बघता बघता संपते. आधी यादी बघा, मग सर्वांत जुनी प्रत निवडून काढा:

«सुडो टाइमशिफ्ट --लिस्ट»
«सुडो टाइमशिफ्ट --डिलीट»

निदान एक ताजी प्रत मात्र राहू द्या, ती पुढे लागू शकते. प्रती नसतील, किंवा काढूनही जागा पुरेशी झाली नसेल, तर डाउनलोड झालेली जुनी पॅकेजेस आणि जुन्या नोंदी काढा:

«सुडो एपीटी क्लीन»
«सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्युम-साइझ=२००एम»

दुसऱ्या ओळीतलं एम मोठं. यात तुमच्या स्वतःच्या फाइल्सना हात लागत नाही. एवढ्यानेही एक-दोन जीबी मोकळे झाले नाहीत तर कोणता फोल्डर किती जागा खातो ते «डीयू -एसएच *» या कमांडने कळतं. डाउनलोड्समध्ये पडलेली एखादी मोठी आयएसओ फाइल किंवा व्हॉट्सॲपवरून आलेले व्हिडिओ सापडतील. ते पेनड्राइव्हवर हलवा. घाईत पुसू नका. जागा झाली की:

«सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट लाइटडीएम»

पडदा आपोआप परत लॉगिनवर येईल.

दुसरा संशय: तुमची फाइल तुमची राहिलेली नाही

डिस्कमध्ये जागा असेल तर होम फोल्डरमध्ये हे बघा:

«एलएस -एलए»

नावाआधी टिंब असलेल्या लपलेल्या फाइल्सही यात दिसतात. यादी लांब असेल आणि वर सरकून जात असेल तर पुढे स्पेस, उभी रेघ, स्पेस आणि «लेस» जोडा. बाहेर पडायला क्यू. प्रत्येक ओळीत तिसरा शब्द मालकाचं नाव आणि चौथा गटाचं. नुसत्या दोन टिंबांची ओळ सोडली तर दोन्ही ठिकाणी "मीना मीना" हवं. ".एक्सऑथॉरिटी" या फाइलसमोर "रूट रूट" दिसलं तर अडचण तीच. या फाइलच्या नावात टिंबानंतरचा एक्स मोठा असतो आणि पुढे सलग ऑथॉरिटी.

ही फाइल जेमतेम काही बाइट्सची असते, पण तिच्यावाचून काम अडतं. लाइटडीएम दर लॉगिनला एक गुप्त संकेत तयार करून तिच्यात लिहितो आणि तो संकेत दाखवणाऱ्या प्रोग्रॅमलाच पडद्यावर चित्र काढू दिलं जातं. फाइल रूटच्या मालकीची झाली की तुमच्या नावाने चाललेल्या सेशनला ती लिहिता येत नाही. मग कितीही वेळा पासवर्ड टाका, फेरा चालूच.

मालकी बदलते कशी? सुडो लावून होम फोल्डरमध्ये काहीतरी कॉपी केलं, जुना बॅकअप रूट म्हणून परत ठेवला, किंवा जुन्या आवृत्त्यांवर एखादा खिडकीवाला प्रोग्रॅमच सुडोने उघडला की असं होतं. सुडो ही सवय होऊ देऊ नये. परवानगी नाकारली गेली की लगेच सुडो लावण्याआधी ती का नाकारली, हे बघावं.

उपाय सोपा आहे. फाइल पुसायची नाही, नाव बदलून बाजूला ठेवायची. पुढच्या लॉगिनला नवी आपोआप तयार होते:

«सुडो एमव्ही .एक्सऑथॉरिटी .एक्सऑथॉरिटी.ओल्ड»

यादीत आणखी बऱ्याच फाइल्सवर रूटचं नाव असेल तर सगळा फोल्डर स्वतःच्या नावे करा. इथे आर मोठं आहे:

«सुडो सीएचओडब्ल्यूएन -आर मीना:मीना /होम/मीना»

एंटर दाबण्याआधी ही ओळ शेवटपर्यंत वाचा. "/होम/मीना" मध्ये कुठे चुकून स्पेस पडली, किंवा नुसती तिरकी रेघ राहिली, तर सगळ्या सिस्टिमची मालकी बदलेल आणि मग खरोखरच नव्याने इन्स्टॉल करावं लागेल. या लेखातली सर्वांत धोकादायक ओळ हीच.

त्याच बैठकीत «एलएस -एलडी /टीएमपी» देऊन बघा. त्या ओळीतली पहिली अक्षरं टी या अक्षराने संपली पाहिजेत. तसं नसेल तर «सुडो सीएचमॉड १७७७ /टीएमपी» द्या. तात्पुरत्या फाइल्सचा हा फोल्डर सगळ्यांना लिहिण्यासाठी खुला नसेल तरीही लॉगिन अडतं.

मजकुराच्या पडद्यावर साधी कमांडही चालत नसेल तर

आत गेल्यावर «एलएस» सारखी अगदी साधी कमांडही सापडत नाही असं म्हटलं जात असेल, तर तो बिघाड संगणक शिकणाऱ्यांच्या घरी हमखास आढळतो. जावा किंवा अँड्रॉइडची साधनं बसवताना ".प्रोफाइल" फाइलमध्ये पाथची एक ओळ घालायला सांगितलेली असते. त्या ओळीत जुना पाथ जोडायचा राहिला की संगणकाला कमांड कुठे शोधायच्या तेच कळेनासं होतं. लॉगिन करताना हीच फाइल वाचली जाते, म्हणून चित्राचा पडदाही अडतो. कमांडचा पूर्ण पत्ता दिला की ती चालते:

«/बिन/एमव्ही .प्रोफाइल .प्रोफाइल.ओल्ड»
«/बिन/सीपी /ईटीसी/एसकेईएल/.प्रोफाइल .»

दुसऱ्या ओळीने मिंटची मूळ कोरी फाइल परत येते. शेवटचं टिंब विसरू नका, त्याआधी स्पेस आहे.

अजूनही नाही? मग नवा युजर करून बघा

«सुडो ॲडयुजर तपास»

युजरनेम इंग्रजी छोट्या अक्षरांत द्या, एक साधा पासवर्ड ठेवा आणि चित्राच्या पडद्यावरून या नव्या नावाने लॉगिन करून बघा. तो युजर आत गेला तर सिस्टिम ठणठणीत आहे आणि दोष तुमच्या होम फोल्डरमध्ये आहे. तोही अडला तर दोष सिस्टिममध्ये, म्हणजे ड्रायव्हरमध्ये किंवा पॅकेजेसमध्ये. ही एक चाचणी तासन्‌तासांची शोधाशोध वाचवते.

दोष तुमच्याच फोल्डरमध्ये असेल तर «टेल .एक्ससेशन-एरर्स» ही फाइल वाचा; शेवटच्या ओळींत बहुतेक वेळा अडलेल्या प्रोग्रॅमचं नाव असतं. सिस्टिमच्या चुका «जर्नलसीटीएल -बी -पी ३» ने दिसतात. सगळं समजलं पाहिजे असं नाही. कोणतं नाव पुन्हा पुन्हा येतंय, एवढं टिपून घ्या.

सिनॅमन क्रॅश झाल्याची सूचना

यात लॉगिन झालेलं असतं. फॉलबॅक मोडमध्ये आहोत, सिनॅमन पुन्हा सुरू करू का, असं विचारणारी खिडकी येते. एकदा होकार द्या. पुन्हा तेच झालं तर नुकतंच जोडलेलं ॲपलेट किंवा एक्स्टेन्शन आठवा आणि ते काढा. तेही जमत नसेल तर टर्मिनलमध्ये «डीकॉन्फ रीसेट -एफ /ओआरजी/सिनॅमन/» द्या. पट्टी आणि मेनू मूळ रूपात येतात, फाइल्सना काही होत नाही.

लॉगिनच्या पडद्यावर युजरच्या नावाशेजारी एक छोटं चिन्ह असतं, त्यावर क्लिक केलं की सेशन निवडता येतं. तिथे सिनॅमनचा सॉफ्टवेअर रेंडरिंग असा पर्याय आहे. त्यातून आत जाता आलं तर बोट ग्राफिक्स ड्रायव्हरकडे जातं.

ग्राफिक्स ड्रायव्हर, विशेषतः एनव्हिडिया

नवा कर्नल (लिनक्सचा गाभा) आला, संगणक रीस्टार्ट केला आणि पडदा काळा. एनव्हिडियाचा ड्रायव्हर प्रत्येक कर्नलशी जुळवून घ्यावा लागतो आणि ती जुळणी कधी कधी राहून जाते. सुरू होताना जुन्या पद्धतीच्या बायोसवर शिफ्ट दाबून ठेवा, नव्या यूईएफआय संगणकावर एस्केप हलकेच दाबा. ग्रबचा, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचा, मेनू येईल. प्रगत पर्यायांत जाऊन आधीचा कर्नल निवडा. त्यावर सगळं नीट चालत असेल तर ड्रायव्हर मॅनेजरमध्ये जाऊन शिफारस केलेला ड्रायव्हर पुन्हा बसवा.

जुना कर्नलही चालत नसेल तर मेनूत मिंटच्या ओळीवर ई दाबा. "लिनक्स" या शब्दाने सुरू होणारी लांब ओळ शोधा, तिच्या शेवटी स्पेस देऊन «नोमोडसेट» लिहा आणि एफ१० दाबा. चित्र मोठं, ओबडधोबड दिसेल, पण आत जाता येईल. हा बदल फक्त त्या एका वेळेपुरता असतो.

सिक्युअर बूट (सही असलेलेच प्रोग्रॅम सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर आणखी एक जागा आहे जिथे नवखा माणूस हमखास फसतो. ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगितलं जातं आणि पुढच्या रीस्टार्टला निळ्या रंगाचा पडदा येतो. त्यावर एन्रोल एमओके निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. लोक घाबरून तिथून पुढे जातात, मग ड्रायव्हर सही नसलेला म्हणून चालूच होत नाही. ड्रायव्हर पुन्हा बसवा आणि या वेळी तो पडदा नीट पूर्ण करा.

अपडेट चालू असताना लाईट गेली तर

भारनियमनाच्या भागात हे नवीन नाही. मजकुराच्या पडद्यावरून अर्धवट राहिलेलं काम पुरं करा:

«सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए»
«सुडो एपीटी इन्स्टॉल -एफ»

रिकव्हरी मोड

मजकुराचा पडदाही येत नसेल तर ग्रबच्या प्रगत पर्यायांत रिकव्हरी मोड असतो. तिथल्या छोट्या मेनूत क्लीन जागा मोकळी करतो, डीपीकेजी अर्धवट पॅकेजेस दुरुस्त करतो, एफएससीके डिस्क तपासतो आणि रूट तुम्हाला कमांडच्या ओळीवर नेतो.

विसरलेला पासवर्ड इथूनच बदलायचा. रूट निवडा आणि या दोन ओळी द्या:

«माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /»
«पासडब्ल्यूडी मीना»

मात्र इन्स्टॉल करताना होम फोल्डर एन्क्रिप्ट करण्याचा पर्याय निवडला असेल तर असं करू नका. त्या फोल्डरची किल्ली जुन्या पासवर्डात गुंतलेली असते. पासवर्ड बाहेरून बदलला की फोल्डर उघडत नाही आणि लॉगिनचा फेरा सुरू होतो. एन्क्रिप्शन नसेल तर पासवर्ड बिनधास्त बदला. नंतर ब्राउझर उघडताना कीरिंगसाठी (साठवलेल्या पासवर्डांची तिजोरी) जुना पासवर्ड विचारला जाईल, ते अपेक्षित आहे.

इथवर काहीच लागू पडलं नाही आणि बिघाड अलीकडचा असेल, तर «सुडो टाइमशिफ्ट --रिस्टोअर» ने सिस्टिम मागच्या प्रतीवर न्या. नेहमीच्या सेटिंगमध्ये टाइमशिफ्ट होम फोल्डरला हात लावत नाही, त्यामुळे कागदपत्रं तशीच राहतात. मात्र याच कारणाने दोष होम फोल्डरमध्येच असेल तर या उपायाचा उपयोग होत नाही.

कुणाची मदत घ्यायची वेळ आली तर संगणक त्यांच्या हाती देण्याआधी मिंटच्या इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करा. इन्स्टॉलवर क्लिक न करता फाइल्स उघडा आणि होम फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून घ्या. सोबत «डीएफ -एच» आणि «जर्नलसीटीएल» च्या पडद्याचे मोबाइलवर काढलेले फोटो द्या. "चालू होत नाही" या तीन शब्दांपेक्षा ते फोटो मदत करणाऱ्याला कितीतरी जास्त सांगतात.

डेस्कटॉप परत दिसू लागला की एक-दोन दिवस नीट वापरून बघा, मग ".ओल्ड" नावाने बाजूला ठेवलेल्या फाइल्स पुसा आणि तपासणीचा युजर «सुडो डेलयुजर --रिमूव्ह-होम तपास» देऊन काढून टाका.